पोटातली गोष्ट

आपल्या मराठी भाषेने माणसाचा सारा संसार पोटात थाटून दिला आहे. माया पोटात, भीतीचा गोळा पोटात, दुसऱ्याचे बरे झाले की दुखायचे तेही पोटातच. आणि लेकरू तर पोटचेच! एखाद्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट जो चारचौघांत बोलत नाही, त्याचे आपण कौतुक करतो, की हा माणूस गोष्ट पोटात ठेवतो. गुण चांगला आहे, यात शंका नाही. पण वाचकहो, एका बाबतीत हाच गुण घात करतो, आणि ती बाब म्हणजे खुद्द पोट!

एरवी आठवड्याच्या अंकात या सदराला दीड स्तंभाची जागा मिळते. दिवाळीला संपादक हात सैल सोडतात, म्हणून आज जरा ऐसपैस बोलावे असा विचार आहे. दिवाळीच्या अंकात पोटाचे दुखणे कशाला, असे कोणी म्हणेल. पण मी म्हणतो, याहून योग्य वेळ दुसरी कोणती? समोर फराळाचे ताट आहे. त्यात लाडू आहे, करंजी आहे, चकली आहे, आणि ताटाशेजारी ओव्याची बाटली आहे. आपल्या प्रत्येक घरात एक छोटासा दवाखाना असतोच. हिंग, सुंठ, बाळहिरडा, हिंग्वाष्टक, फळमिठाच्या पुड्या, आणि हल्ली त्यांच्या जोडीला आम्लपित्ताच्या गोळ्यांची पाकिटे. या दवाखान्याची थट्टा करण्याचा माझा इरादा नाही. पोटाच्या बहुतेक तक्रारी दोनतीन दिवसांत आपल्या आपण जातात, आणि तोवर ओव्याचा आधार वाटत असेल तर वाटू द्यावा. प्रश्न एवढाच आहे, की ओव्याचे राज्य कोठे संपते, घरच्या डॉक्टरांचे कोठे सुरू होते, आणि पोटविकारतज्ज्ञाचे दार कधी ठोठवावे?

या प्रश्नाचे उत्तर मला गेल्या दिवाळीच्या सुटीत काशीदला मिळाले. अलिबागहून रेवदंड्याची खाडी ओलांडून, कोर्लईचा किल्ला उजव्या हाताला ठेवून मुरुडच्या रस्त्याला लागले, की सुमारे तीस किलोमीटरवर हे गाव लागते. एका अंगाला पांढरी वाळू आणि सुरूची झाडे, दुसऱ्या अंगाला फणसाड अभयारण्याचा डोंगर. २०२० सालच्या निसर्ग वादळाने या किनाऱ्याला चांगलेच झोडपले होते. तरी सुटी लागली की मुंबईपुण्याची माणसे तेथे लोटतातच. आम्हीही तीन कुटुंबे मिळून गेलो होतो. चुलतबंधू अण्णा आणि वहिनी, आमचे चौघांचे बिऱ्हाड, आणि वहिनींच्या माहेरची मंडळी. त्यांत वहिनींचे मामाही होते. दादरला चाळीस वर्षे दवाखाना चालवून निवृत्त झालेले हे गृहस्थ. त्यांना सारे डॉक्टरमामा म्हणतात. उतरण्याची सोय गावातल्याच एका घरी, जरा चढावर होती. घरच्या काकूंच्या हातची सोलकढी आणि कोळंबीची आमटी यांच्याबद्दल लिहायचे तर दुसरा लेख होईल.

तिसऱ्या दिवशी आमच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांनी किनाऱ्यावर शहाळे, भजी, बर्फाचा गोळा आणि घरी येऊन कोळंबी, असा भरगच्च कार्यक्रम पार पाडला. व्हायचे तेच झाले. रात्री अकराच्या सुमारास पोट बिघडले. उलट्या काय, जुलाब काय; घरभर दिवे लागले. कोणी म्हणाले, गाडी काढा, अलिबागला जाऊ. कोणी मुंबईतल्या एका मोठ्या तज्ज्ञांचा नंबर शोधू लागले. कोणी काकूंकडे जायफळ मागितले.

डॉक्टरमामा शांतपणे उठले. मुलाच्या उशाशी बसून त्यांनी मोजके प्रश्न विचारले. किती वेळा झाले? त्यात रक्त किंवा आव दिसली का? ताप आहे का? शेवटची लघवी केव्हा झाली? मग जीभ पाहिली, पोट चाचपले, आणि म्हणाले, "गाडी राहू द्या. पाणी उकळा." एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट पाजायला त्यांनी सांगितले, तयार पुडी मिळाली तर ती अधिक चांगली, हेही बजावले. "उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्याचमच्यानं सुरू करा. लघवी होतेय, जीभ ओली आहे, पोरगं हुशारीत आहे, तोवर काळजी नाही. रक्त दिसलं, ताप चढला, गुंगी आली किंवा पाणीसुद्धा पोटात ठरेना, तर मात्र क्षणभर थांबायचं नाही."

हे साखरमिठाचे पाणी साधे दिसते, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा बनगावला डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांतून लोकांना पाजायला दिले, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. आतड्यातून साखर शोषली जाताना ती आपल्याबरोबर मीठ आणि पाणीही आत घेऊन जाते, हे त्यातले मर्म. १९७८ साली लॅन्सेट या वैद्यकीय पत्राने या शोधाची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या शोधांत केली. आमच्या चिरंजीवांना या इतिहासाशी कर्तव्य नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते विचारीत होते, "आजोबा, कोळंबी उरलीय का?"

इथवरची गोष्ट कोणत्याही घरात घडणारी. खरी गोष्ट पुढेच आहे.

त्याच संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर होतो. काशीदचा समुद्र दिसायला देखणा, पण पोहणाऱ्याला धार्जिणा नाही. किनाऱ्यावरचा एक गावकरी पोरांना दटावीत होता, "लाट ओरडत येते, तिला माणूस घाबरतो आणि मागं सरतो. जिथं पाणी गप्प दिसतं ना, तिथं ओढ असते. तिकडं जाऊ नका." डॉक्टरमामांनी ते ऐकले आणि काही बोलले नाहीत. परतताना चढावर आम्ही सारे पुढे गेलो, अण्णा मागे राहिले. दोनदा थांबले, कठड्याला हात टेकून उभे राहिले. अण्णांचे वय अठ्ठावन्न. बँकेतली नोकरी, ना विडी ना तंबाखू, रोज सकाळी फिरणारा माणूस.

जेवणे झाल्यावर पडवीत डॉक्टरमामांनी विचारले, "जावईबापू, वजन किती उतरलं?"

"छे हो मामा! हवापालट हवी होती, इतकंच. वय झालं आता."

वहिनी म्हणाल्या, "मला तर बरंच वाटलं. ढेरी गेली एकदाची. पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडलीत."

"ढेरी गेली ती व्यायामानं, की आपोआप?"

यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. डॉक्टरमामांनी अण्णांना दिव्याखाली बसविले आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. तेथे जी लाली हवी ती नव्हती. विचारता विचारता एकेक गोष्ट बाहेर पडली. चारपाच महिने थकवा. जेवताना लवकर पोट भरल्यासारखे वाटते. शौचाची वेळ बदलली आहे. कधी दोन दिवस नाही, कधी दोनदा. दुखत मात्र कोठेच नाही. ऑफिसातल्या वार्षिक तपासणीत रक्त कमी निघाले, म्हणून एका सहकाऱ्याच्या सल्ल्याने औषधाच्या दुकानातून लोहाचे टॉनिक आणले. तीन महिने ते चालू आहे.

"असं बघा जावईबापू," डॉक्टरमामा म्हणाले, "गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रोज कमी होतंय, आणि तुम्ही रोज वरून एक बादली ओतताय. गळती कुठं आहे ते कोण पाहणार? या वयाच्या पुरुषाचं रक्त कमी होतं, ते उगाच होत नाही. रक्त कमी आहे हे उत्तर नव्हे, तो प्रश्न आहे. मुंबईला गेल्यावर पहिलं काम हेच. माझ्यासारख्या घरगुती डॉक्टरचं हे काम नव्हे. तज्ज्ञाकडं चिठ्ठी घेऊन जायचं."

रात्री बाराला ज्याच्यासाठी घरभर दिवे लागले, त्याला साखरेचे पाणी पुरले. आणि जो कोपऱ्यात मुकाट्याने पान लावीत बसला होता, त्याला तज्ज्ञाची गरज होती!

मुंबईस अण्णांची दुर्बिणीने तपासणी झाली. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ निघाली. उजवीकडे आतडे रुंद असते आणि तेथला मळ पातळ असतो, त्यामुळे गाठ वाट अडवीत नाही, दुखत नाही. ती गुपचूप थोडे थोडे रक्त गाळीत राहते. डोळ्यांना दिसणारही नाही इतके थोडे. तीन आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची होती, पण आजूबाजूच्या ग्रंथींत पसरलेली नव्हती. आज अण्णा ठरलेल्या मुदतीने तपासणीला जातात आणि पट्टा पुन्हा पूर्वीच्या भोकावर आला आहे.

तात्पर्य काय, तर पोटाच्या दुखण्याचे मोजमाप त्याच्या आवाजावर करू नये. गडगडाट, कळा, जुलाब हे सारे ओरडून सांगणारे प्रकार. त्यांकडे कोणी दुर्लक्ष करीत नाही. तज्ज्ञाची गरज ठरते ती तीन गोष्टींवरून. तक्रार नवी आहे का? ती टिकून आहे का? आणि तिच्या जोडीला शरीरात दुसरे काही बदलले आहे का?

हे जरा फोड करून सांगतो. वजन आपोआप, काही न करता उतरत आहे. घास गिळताना अडकतो, आधी भाकरीचा, मग भाताचा. शौचातून रक्त जाते, किंवा शौच डांबरासारखे काळे आणि चिकट होते. (लोहाच्या गोळ्यांनीही ते काळे होते आणि बिटाने तांबडे होते, म्हणून डॉक्टरांना काय खाल्ले तेही सांगावे.) रक्त कमी निघाले आणि कारण सापडत नाही. डोळे पिवळे झाले. उलट्या पुन्हा पुन्हा होतात. दुखण्याने किंवा जुलाबाने झोपेतून जाग येते. शौचाची वर्षानुवर्षांची सवय बदलली आणि तीनचार आठवडे पूर्वपदावर आली नाही. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा वा जठराचा कर्करोग झाला होता. यांतले एक जरी असले, तरी ओव्याची बाटली बाजूला ठेवावी आणि डॉक्टरांना गाठावे. आणि पन्नाशीच्या आसपास पोटाची एखादी तक्रार आयुष्यात प्रथमच सुरू झाली असेल, तर बाकी काही लक्षण नसतानाही विचारावे. अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची नियमित तपासणी सुरू करण्याचे वय २०२१ साली ५० वरून ४५ वर आणले. आपल्याकडे तशी सरसकट तपासणी नाही. म्हणूनच आपले लक्ष अधिक हवे.

उलट, वर्षानुवर्षे परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या आदल्या दिवशी ज्याचे पोट बिघडते, लग्नाच्या पंगतीनंतर ज्याला जळजळते, आणि चार दिवसांनी जो ठणठणीत असतो, ज्याचे वजन जागच्या जागी आहे, त्याने थेट तज्ज्ञाच्या दारी रांग लावण्याचे कारण नाही. त्याला घरचे डॉक्टर पुरतात. तज्ज्ञाचा वेळही शेवटी कोणा अण्णांसाठी मोकळा राहायला हवा.

आता त्या गोळ्यांविषयी. पूर्वी जठरातला व्रण म्हटला, की तिखट आणि चिंता यांच्यावर खापर फुटत असे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघा डॉक्टरांनी दाखवून दिले, की बहुतेक व्रणांच्या मुळाशी एक जंतू असतो. लोकांना पटेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखविली! २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे सांगायचे कारण असे, की या जंतूचा व्रण ठरावीक औषधांनी मुळापासून बरा होऊ शकतो. आणि आपण मात्र महिनोन् महिने आम्ल कमी करणारी गोळी घेऊन वरवरची आग विझवीत बसतो. गोळी वाईट नव्हे. पण ती आराम देते म्हणजे आजार गेला असे नाही. कधी कधी ती मोठ्या आजारावरही पांघरूण घालते. दोन आठवडे गोळी घेऊनही भागत नाही, किंवा थांबविली की पुन्हा सुरू होते, तर गोळीचा पुढचा पत्ता औषधाचे दुकान नसून दवाखाना असावा. आणि गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळी घेणाऱ्या आजीआजोबांना एक विनंती. या गोळ्यांनी जठरात व्रण होतो आणि दुखल्याशिवायही त्यातून रक्त जाते. तेव्हा ती गोळीही डॉक्टरांना सांगायची आहे, हे विसरू नका.

काही वेळा मात्र तज्ज्ञाची वेळ ठरविण्यात घालवायला वेळच नसतो. जवळचे रुग्णालय गाठायचे. रक्ताची उलटी, किंवा काळे शौच होऊन घेरी येणे. पोट फळीसारखे कडक होणे. पोट फुगून वायूही न सरणे आणि उलट्या होणे. कावीळ, थंडीताप आणि कळ एकत्र येणे. बेंबीपाशी सुरू झालेले दुखणे उजवीकडे खाली उतरणे. या शेवटच्याला, म्हणजे आंत्रपुच्छाच्या सुजेला, एरंडेल देऊ नये, हे पुन्हा पुन्हा सांगायला हवे. जुलाबाच्या औषधाने ते फुटण्याचे भय असते. हे दुखणे राजालाही सोडीत नाही. इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक १९०२ सालच्या २६ जूनला ठरला होता. परदेशचे पाहुणे जमले होते. पण राजाचे पोट दुखू लागले, आणि २४ जूनला शस्त्रक्रिया करून आतला पू काढावा लागला. राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला. पण झाला, हे महत्त्वाचे! आणि छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखे होऊन घाम फुटला, तर 'गॅस झाला' म्हणून सोडा पिऊ नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. विशेषतः मधुमेही आणि वयस्क माणसात. काशीदसारख्या ठिकाणी, जेथून अलिबागचे जिल्हा रुग्णालय पाऊण-एक तासावर, तेथे तर कशासाठी गाडी काढायची आणि कशासाठी पाणी उकळायचे, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

हे सारे ठाऊक असूनही माणसे जात नाहीत. का? एक तर लाज. सोन्याच्या भावावर, शेजाऱ्याच्या पगारावर आपण तासन् तास बोलू. शौचाविषयी नवरा बायकोशी बोलत नाही. रक्त दिसले की माणूस मनाशी 'मूळव्याध' असा निकाल लावून मोकळा होतो. बसस्थानकांच्या भिंतीही त्याला तेच सांगत असतात. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण ते तपासणाऱ्याने ठरवावे, भिंतीने नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे घरातली गृहिणी. सर्वांचे पथ्यपाणी सांभाळणाऱ्या या बाईचे स्वतःचे जेवण निम्मे झाले, तर ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ती सर्वांच्या शेवटी बसते! तिचा थकवा 'कामाचा' ठरतो, फिकेपणा 'बायकांचा' ठरतो. आणि तिसरी गोष्ट, भीती. तपासले तर काहीतरी निघेल! जणू न तपासल्याने ते निघून जाणार आहे.

काही आजार लवकर बोलतच नाहीत, हे खरे. पोटाच्या मागे खोल दडलेले स्वादुपिंड त्यांतले एक. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१८ च्या फेब्रुवारीत पोटाच्या तक्रारीसाठी मुंबईच्या रुग्णालयात दाखल झाले. पुढे स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले, आणि १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. नाकात नळी असताना विधानसभेत उभा राहिलेला तो कृश देह आपण सर्वांनी पाहिला आहे. अशा आजारापुढे वैद्यकशास्त्राचे हात आजही तोकडे पडतात. पण म्हणूनच, ज्या आजारांत हात पुरतात तेथे तरी ते वेळेवर पोहोचू द्यावेत.

आणि ते पोहोचतात, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. खेड्यांसाठीची अशी ही देशातली पहिली. नोंदी घेणारे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे सांगत, तपासून घ्या म्हणत. परिणाम असा झाला, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. तेथल्या डॉक्टरांनी ते १९९५ साली प्रसिद्ध केले. आजार निराळा, पण धडा तोच. भारी यंत्र नव्हते, नवे औषध नव्हते. कोणीतरी लक्षण सांगितले आणि कोणीतरी ते ऐकले, एवढेच.

तपासणीचे भय वाटते त्यांच्यासाठी दोन शब्द. पूर्वी जठरात डोकवायचे तर ताठ नळी गिळावी लागे. मग १९५४ साली नरिंदरसिंग कपानी या पंजाबच्या सुपुत्राने आणि इंग्लंडच्या हॉपकिन्स यांनी काचेच्या केसाएवढ्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र वाकवून नेता येते, हे दाखविले. ते वाचून हिर्शोविट्झ या डॉक्टरांनी वाकणारी दुर्बीण तयार केली आणि १९५७ साली ती प्रथम स्वतःच्याच घशाखाली उतरविली. आता तर टोकाला इवलासा कॅमेरा असतो. जठराची तपासणी काही मिनिटांची. मोठ्या आतड्याच्या तपासणीत आदल्या दिवशी पोट साफ करणे हाच काय तो त्रास. आणि पुढे मागे कर्करोग होऊ शकेल असे कोंब आत दिसले, तर बहुधा तेथेच काढूनही टाकतात. खर्चाची धास्ती असेल, तर मुंबईत के. ई. एम., नायर, शीव येथल्या पालिकेच्या रुग्णालयांत पोटविकाराचे स्वतंत्र विभाग आहेत. रांग लागते, पण दार उघडे असते.

जाताना मात्र हात हलवीत जाऊ नये. एका कागदावर लिहून न्यावे: तक्रार केव्हापासून, काय खाल्ल्यावर, दिवसा की रात्री, वजन सहा महिन्यांपूर्वी किती, आज किती, कोणती औषधे, चूर्णे, टॉनिके चालू आहेत, घराण्यात कोणाला काय झाले होते. आणि बरोबर घरचे एक माणूस असावे. आपण जे 'किरकोळ' म्हणून गाळतो, तेच ते नेमके सांगते. नव्या पाडलेल्या भोकांचा पत्ता वहिनींनीच दिला होता, हे ध्यानात असू द्या.

तर मंडळी, फराळ पोटभर करा. चकलीने पोट फुगले तर ओवा चघळा, आणि माझ्या नावाने खडे फोडा. पण या चार दिवसांत सारे घर एका पंगतीला बसते, तेव्हा एकदा ताटांवरून नजर उचलून माणसांकडेही पाहा. कोणाचा सदरा सैल झाला आहे? कोण एका करंजीवर हात धुतो आहे? कोण पाण्याच्या घोटाबरोबर घास उतरवितो आहे? आई जेवली का, आणि किती जेवली? पाडव्याला ओवाळणी घालाल, भाऊबीजेला घालाल. तिच्याबरोबर एवढे एक विचारा, आणि उत्तर "काही नाही ग" असे आले, तर एकदा पुन्हा विचारा. दुसऱ्यांची गुपिते खुशाल पोटात ठेवावीत. पोटाचे गुपित तेवढे वेळेवर डॉक्टरांच्या कानी घालावे.

सर्व वाचकांना ही दिवाळी आरोग्याची जावो!